कूस बदलल्याची नोंद

उत्तर प्रदेशात जिल्हे ७५ आहेत आणि समाजकल्याण विभागाच्या हिशेबात जिल्ह्यामागे एक वृद्धाश्रम, प्रत्येकात १५० जणांची सोय. हा दीडशेचा आकडा कुणा अधिकाऱ्याच्या डोक्यातून निघालेला नाही. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासाठी संसदेने २००७ साली जो कायदा केला, त्याच्या कलम १९मध्ये तो आहे. मुलांना पोटगी द्यायला लावणारा कायदा म्हणून आपण तो ओळखतो; निराधार वृद्धांसाठी घरं उभारण्याची तरतूद त्याच कायद्यात पुढे येते. उत्तर प्रदेशाने २०१४ साली त्याचे नियम केले आणि ही घरं स्वयंसेवी संस्थांकडे चालवायला दिली. पैसा सरकारचा, कारभार संस्थेचा. लखनौचं असं घर कानपूर रस्त्याकडच्या सरोजनीनगर भागात आहे. पुष्कळ राज्यांनी या कलमाकडे पाठ फिरवली, इतकी की २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाला डॉ. अश्वनी कुमार यांच्या याचिकेवर निकाल देताना, कोणत्या जिल्ह्यात किती वृद्धाश्रम आहेत याची माहिती गोळा करायला केंद्राला सांगावं लागलं. महाराष्ट्राने तर कायद्याच्याही आधी, १९९५ साली, मातोश्री वृद्धाश्रमांची योजना वाजतगाजत आणली होती. पाठ फिरवणाऱ्या राज्यांच्या तुलनेत उत्तर प्रदेशाने राज्यभर घरं उभी करणं ही लहान गोष्ट नव्हे. पण घर उभं आहे एवढ्याने तिथे सांभाळ नीट होतो असं ठरत नाही. तो नीट होतो की नाही हे ओळखायचं कसं? माझं म्हणणं असं, की अशा घराची परीक्षा तिथल्या सर्वांत परावलंबी माणसाच्या शरीरावर घ्यावी; जो उठू शकत नाही, बोलू शकत नाही, तक्रार करू शकत नाही, त्याच्या.

बैरूतमध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात शिकवणारे डॉ. आवेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली वैद्यकीय सेवेचा दर्जा कसा मोजावा यावर एक निबंध लिहिला. त्यातली मांडणी आज जगभर वापरली जाते. तिचे थर तीन: साधनं काय आहेत, काम प्रत्यक्षात कसं होतं आणि शेवटी माणसाचं काय झालं. आपल्याकडची पाहणी बहुधा पहिल्या थरावरच संपते. खाटा किती, पंखे किती, संडास किती, आग विझवायचं नळकांडं मुदतीतलं आहे का, भिंतीवर जेवणाचा तक्ता लावलाय का. हे सगळं मोजायला सोपं असतं, सकाळी अकरा ते साडेबारात मोजून होतं आणि फोटोत दिसतं. १ ऑक्टोबरच्या जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनाला तर काही विचारूच नका. शाली, केळी, सफरचंदं आणि पाहुण्यांची रांग. लखनौमध्ये ऑक्टोबर हा हवेच्या दृष्टीने वर्षातला सर्वांत निरुपद्रवी महिना. वृद्धाश्रम तपासायचा असेल तर जूनच्या मध्यावर जावं, जेव्हा लू वाहत असते, पारा चाळीसच्या वर असतो आणि म्हातारपणी तहानेची जाणीवच कमी झालेली माणसं मागितल्याशिवाय पाणी मिळत नसेल तर मागतही नाहीत. नाहीतर जानेवारीत, धुक्याच्या रात्री दोन वाजता. १५ जूनला वृद्धांवरील अत्याचारांविरुद्धचा जागतिक दिवस येतो. पाहुण्यांना तारीखच हवी असेल तर ती घ्यावी.

आता शरीराकडे येऊ. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर, टाचांवर, खुब्यावर सगळं वजन येतं. तिथली त्वचा हाड आणि गादी यांच्यात चेपली जाते, रक्त पोहोचत नाही आणि काही तासांत जखमेची सुरुवात होते. पुस्तकात पहिली खूण दिलेली असते ती लालीची: बोटाने दाबलं तरी पांढरी न पडणारी लाल जागा. पण ती गोऱ्या कातडीची खूण. आपल्याकडच्या सावळ्या, काळ्या अंगावर लाली दिसतच नाही. तिथे हाताने चाचपावं लागतं: ती जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा गार लागते, घट्ट किंवा भुसभुशीत लागते, रंग जरा गडद, जांभळट झालेला असतो. म्हणजे ज्याने रुग्णाच्या अंगाला हात लावलेला नाही त्याला अशा जखमेची, म्हणजे बेडसोरची, पहिली पायरी कळणार नाही. चौथ्या पायरीवर, जेव्हा हाड दिसतं, तेव्हा ती कुणालाही कळते. धोका आधी ओळखण्यासाठी १९८०च्या दशकात बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी एक गुणतक्ता तयार केला. संवेदना, ओल, हालचाल, आहार अशा सहा बाबी, ६ ते २३ गुण, १८ किंवा कमी आले की सावध व्हायचं. त्याला कागद-पेन्सिल पुरते आणि नर्सला तो भरायला काही मिनिटं लागतात.

उपाय जुना आणि ठाऊक असलेलाच आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची, अंग कोरडं ठेवायचं, टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत. यात अवघड काही नाही, फक्त माणसं लागतात. हिशेब मांडून पाहा. दीडशेपैकी वीसजण अंथरुणावर आहेत असं धरू. रात्रीच्या आठ तासांत प्रत्येकाला चारदा वळवायचं, म्हणजे ऐंशी वेळा. ओला डायपर बदलून, उशा लावून एकेका वेळेला दहा मिनिटं लागली तर आठशे मिनिटं, तेरा तास वीस मिनिटं. शिवाय जड माणसाला एकट्याने वळवता येत नाही. ओढलं की कातडी सोलवटते. म्हणजे दोन माणसांचे मिळून सव्वीस तास चाळीस मिनिटं. रात्रपाळीला दोनच आया असतील तर त्यांच्याकडे मिळून सोळा तास आहेत, त्यातही कुणाला तरी संडासला न्यायचंय, कुणी पडलंय, कुणी घाबरून ओरडतंय. अशा घरात सकाळी कूस बदलल्याच्या तक्त्यावर दहा, बारा, दोन, चार या सगळ्या रकान्यांत एकाच शाईने, एकाच वळणाच्या सह्या दिसल्या तर त्या आयांवर रागावण्यात अर्थ नाही. तो तक्ता खोटा आहे आणि तो खोटा असणं संस्थेने नेमणुका करतानाच ठरवलेलं आहे. म्हणून तपासनिसाने आधी पगारपत्रक मागावं आणि मग तक्ता. आधी तक्ता पाहिला तर समाधान होऊन तो निघून जाण्याची शक्यता जास्त.

यावर डॉक्टर मंडळींचा आक्षेप ठरलेला असतो. म्हातारी माणसं खंगतातच, शेवटच्या आठवड्यांत उत्तम काळजी घेऊनही काहींची कातडी फाटते. मग निकाल माणसाच्या प्रकृतीचा लागणार की घराचा? आक्षेप खरा आहे, पण तो एका माणसाच्या एका जखमेला लागू पडतो. घर तोलायचं तर बदलाचा वेग पाहायचा. आला तेव्हा माणूस कसा होता आणि सहा महिन्यांनी कसा आहे? महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन घटलं तर अमेरिकेतल्या नर्सिंग होम्सच्या सक्तीच्या नोंदवहीत ते धोक्याचं मानतात. पन्नास किलोच्या बाईचं महिन्याभरात अडीच किलो गेलं तर जेवण भरवायला कुणी बसतं का, कवळी हरवली आहे का, दात दुखतोय का, हे विचारलं पाहिजे. भिंतीवरच्या भोजनतक्त्यात पनीर असेल. ते चावता येतं की नाही हे तक्ता सांगत नाही. उभं राहू न शकणाऱ्याचं वजन करता येत नसेल तर पोटरीचा घेर मोजावा. ३१ सेंटीमीटरच्या खाली गेला की कुपोषणाची शंका घेतात. शिंप्याची टेप पुरते. एका घरात एका वर्षी दोघांना जखमा झाल्या तर तो योगायोग असू शकेल. सगळ्याच अंथरुणावरच्यांना झाल्या तर नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: जे मोजाल त्याचीच बनवाबनवी सुरू होईल. याचा पुरावा अमेरिकेनेच दिलाय. तिथे १९८६ साली इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालाने नर्सिंग होम्सचे वाभाडे काढले, १९८७ साली कायदा झाला, प्रत्येक रहिवाशाची ठरावीक नमुन्यात नोंद सक्तीची झाली आणि सोयीसाठी माणसाला बांधून ठेवण्याला किंवा औषध देऊन गुंगवण्याला बंदी आली. २००८च्या डिसेंबरपासून घरांना एक ते पाच तारे मिळू लागले. पण २०१४ साली न्यूयॉर्क टाइम्सने दाखवून दिलं, की ताऱ्यांमागचे बरेच आकडे घरं स्वतःच कळवत होती. पुढे २०१८पासून कर्मचाऱ्यांची संख्या पगाराच्या हिशेबातून घेतली जाऊ लागली. २०२१ साली त्याच वृत्तपत्राने आणखी एक युक्ती उघड केली. गुंगीच्या औषधांचा वापर मोजला जायचा, पण स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना त्यातून वगळलं जायचं. तेव्हा म्हातारपणी अचानक स्किझोफ्रेनिया झालेल्यांची संख्या वाढली. हे वाचून मोजमाप सोडून द्यावं असं कुणाला वाटेल. मला उलट दिसतं. बनवाबनवी उघडी पडली ती नोंदी होत्या म्हणून; नोंदच नसेल तर खोटं पकडायलाही काही उरत नाही. लखनौपुरतं बोलायचं तर औषधांचा मुद्दा दूरचा नाही. स्मृतिभ्रंश झालेल्यांना अँटिसायकोटिक गोळ्या दिल्याने मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिला होता, आणि वृद्धांच्या मानसिक आरोग्याचा स्वतंत्र विभाग असलेलं किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ याच शहरात आहे. रात्री कुणाला कोणती गोळी, कुणाच्या चिठ्ठीवर आणि कधीपासून दिली जाते, हे तपासायला बाहेरून तज्ज्ञ आणायची गरज नाही.

तिसरी तक्रार भावनेची. घराचं इस्पितळ कशाला करता, माया मोजता येते का? नाही येत. आणि जे घर माणसाला केवळ जखमेविना जिवंत ठेवतं ते चांगलं, असंही मी म्हणणार नाही. कुणाशी बोलायचं, कधी उठायचं, खाटेशेजारी कुणाचा फोटो लावायचा, यांवर माणसाचा ताबा हवा आणि त्याबद्दल रहिवाशांनाच, व्यवस्थापक खोलीबाहेर असताना, विचारायला हवं. पण माया आहे असं सांगणाऱ्या घरात पाण्याचा पेला हाताला न येणाऱ्या स्टुलावर ठेवलेला असेल तर त्या मायेचं काय करायचं? शरीराची मोजणी ही चांगुलपणाची शिखररेषा नव्हे, जोत्याची पातळी आहे. जोतं खचलेलं असताना वरच्या मजल्याच्या रंगावर बोलण्यात वेळ जातो, आणि आपल्याकडे तो फार जातो.

रस्त्यापेक्षा तर बरं, असं कुणी म्हणालं की चर्चा थांबते. फुटपाथशी तुलना करायची तर कोणतंही घर उत्तीर्णच होईल. मग कायद्याने सेवांचे दर्जे ठरवण्याचा अधिकार राज्याला कलम १९च्याच पोटकलमात कशाला दिला? शिवाय पैसे मोजणाऱ्यांनाही संरक्षण नाही. गोमतीनगर, इंदिरानगरसारख्या वस्त्यांतल्या भाड्याच्या बंगल्यात सुरू झालेलं खासगी केंद्र इस्पितळ नाही म्हणून वैद्यकीय आस्थापनांच्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहू पाहतं आणि निराधारांसाठी नाही म्हणून समाजकल्याण विभागाच्या. ही फट बुजवण्यासाठी अशा केंद्रांची नोंदणी आणि किमान दर्जा सांगणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, स्थायी समितीकडे गेलं आणि २०२४ साली सभागृहाबरोबर बरखास्त झालं. असा कायदा होत नाही तोपर्यंत पुण्यात किंवा बेंगळुरूत नोकरी करणाऱ्या मुलाकडे आईची चौकशी करायला व्हिडिओ कॉल आहे. त्यात त्याला चेहरा दाखवतात, केस विंचरलेले, कपाळाला टिकली. त्याने पांघरूण बाजूला करून टाचा दाखवायला सांगाव्यात आणि गेल्या तीन महिन्यांची वजनं मागावीत.

जिल्ह्याच्या घरात निराधार म्हणूनच प्रवेश मिळालेल्यांसाठी असं सांगणारं कुणी नसतं. तिथे हे काम समाजकल्याण विभागाचं, आणि त्यासाठी नवा कायदा होण्याची वाट पाहायला नको. चालक संस्थेशी होणाऱ्या करारात अट घालता येईल: वजन, जखमा, पडण्याच्या घटना आणि रात्रीच्या गोळ्या यांची महिन्याची नोंद, वर्षातून दोन अघोषित भेटी, त्यांतली एक रात्री, नोंदी पडताळायला शहरातल्या नर्सिंग महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी, आणि अनुदानाचा पुढचा हप्ता पगारपत्रक व पाळीतक्ता जुळल्यानंतर.