आवाज येतो, चित्र कुठे गेले?

श्रोतेहो, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे चित्रण मोबाइलवर झकास दिसते. ते हौसेने पेनड्राइव्हवर उतरवून शाळेच्या टीव्हीला लावावे, तर पोरांची गाणी ऐकू येतात आणि पडदा काळा ठिक्कर! मग कोणी म्हणते फाइल बिघडली, कोणी म्हणते चित्र उडाले. आणि जागा अडते म्हणून मूळ फाइलच पुसली जाते. तेवढे मात्र करू नका. चित्र बहुधा शाबूत असते.

मग दिसत का नाही? आजोबांचे मोडीतले खरेदीखत हाती आले, तर आपल्याला वाचता येत नाही. म्हणून काही आपण कागद कोरा आहे असे म्हणत नाही. मोडी जाणणारा गाठतो. इथेही तसेच आहे. एमपी४ हे निव्वळ पाकिटाचे नाव. आत आवाज वेगळा, चित्र वेगळे, आणि दोघांची लिपी निरनिराळी. या लिपीला कोडेक म्हणतात. आवाज बहुधा एएसी या जुन्या, सर्वांच्या ओळखीच्या लिपीत असतो. चित्राची एच.२६४ ही लिपी २००३ साली ठरली. तीही बहुतेक यंत्रांना येते. पुढे २०१३ साली एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी, आली. ती तेवढेच चित्र सुमारे निम्म्या जागेत बसवते, म्हणून नवे फोन तिच्यात लिहितात. जुन्या टीव्हीला ती येत नाही. समजला तेवढा आवाज तो बिचारा ऐकवतो!

चित्र आत आहे की नाही, हे फाइलच्या वजनावरून कळते. नुसता आवाज मिनिटाला साधारण १ एमबी जागा घेतो. आयफोनचे नेहमीचे १०८०पी चित्रण एचईव्हीसीत मिनिटाला सुमारे ६० एमबी आणि एच.२६४ मध्ये १३० एमबी भरते. तेव्हा ५ मिनिटांची फाइल ३०० एमबीची असेल, तर निर्धास्त राहा. ५ एमबीचीच निघाली, तर उतरवताना फक्त आवाज आला असे समजून मूळ चित्रणाकडे परत जा.

फाइलचे नाव बदलून काही होत नाही. पाकिटावरचा पत्ता बदलला म्हणून आतली मोडी बाळबोध होते थोडीच? संगणकावर व्हीएलसी हा फुकट मिळणारा प्लेअर घाला. त्यात चित्र दिसले, की दोष टीव्हीच्या वाचनाचा. मग हँडब्रेक या, तोही फुकटच, प्रोग्रॅममध्ये फाइल उघडा, चित्रासाठी एच.२६४ निवडा आणि नवी प्रत काढा. संगणक जुना असेल तर वेळ लागतो, चहा घेऊन या! नवी प्रत टीव्हीवर शेवटपर्यंत पाहावी. मूळ फाइल तरीही ठेवावी, कारण लिप्यंतरात थोडा बारकावा जातोच.

आयफोनमध्ये सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स इथे जाऊन ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडले, तर पुढची नेहमीची चित्रणे एच.२६४ मध्येच होतात. आधीची मात्र वरच्या रीतीनेच बदलावी लागतील.