शोकांतिकेच्या वाटेवर : वेरोनाचं टपाल

ज्युलिएटच्या दाईबद्दल या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं, पण दाईला थांबावं लागेल. अक्कलकोटच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. टपाल खात्यातून ते निवृत्त झालेत, उभी हयात बटवड्यात गेली. ते विचारतात, "तुम्ही दैवाचं, ग्रहताऱ्यांचं लिहिता, ते ठीक. पण त्या मांटुआच्या पत्राचं नेमकं झालं काय? दिलं कुणाकडे, अडकलं कुठं, आणि परत आल्यावर पाठवणाऱ्यानं काय केलं?"

दोष कुणाचा, या वादावर आजवर पुष्कळ शाई खर्च झाली. पण पत्राचा असा माग काढायला टपालातलाच माणूस हवा होता.

तर पहिला प्रश्न, दिलं कुणाकडे. तिसऱ्या अंकात रोमिओला हद्दपारी होते, तेव्हा पाद्री लॉरेन्स त्याला शब्द देतो : तू मांटुआत राहा, मी तुझ्या नोकराला गाठीन आणि इथली बरी बातमी वेळोवेळी त्याच्या हाती पाठवीन. हा नोकर म्हणजे बाल्थझार. चौथ्या अंकात ज्युलिएटला गुंगीचं औषध द्यायचं ठरतं. सगळ्यांत महत्त्वाचं पत्र तेव्हाच धाडायचं असतं, आणि नेमकं ते लॉरेन्स बाल्थझारकडे देत नाही. आपल्याच पंथाच्या जॉन नावाच्या साधूकडे देतो. का, ते नाटकात कुठंही सांगितलेलं नाही. बाल्थझारला मात्र यातलं काहीच ठाऊक नाही. तो ज्युलिएटला मेलेली समजून घराण्याच्या थडग्याच्या तळघरात ठेवताना पाहतो आणि भाड्याचे घोडे घेऊन थेट मांटुआ गाठतो. तिथं रोमिओ त्याला आधी विचारतो, पाद्रीबाबांची पत्रं आणलीस का? मृत्यूची बातमी ऐकल्यावर पुन्हा तेच विचारतो. बाल्थझार म्हणतो, नाही.

हे दोन प्रश्न मी दरवेळी वाचतो तेव्हा पोटात खड्डा पडतो. रोमिओ म्हणजे उतावळा पोरगा, असं आपण धरून चालतो. पण त्या क्षणी तो पत्राची वाट बघतोय. ठरलेला माणूस ठरलेल्या वाटेनं आला आहे, आणि त्याचे हात रिकामे आहेत.

दुसरा प्रश्न, अडकलं कुठं. पाचव्या अंकाचा दुसरा प्रवेश जेमतेम तीस ओळींचा आहे. घाईत वाचणारे तो ओलांडून जातात. जॉनला प्रवासाला सोबत हवी होती, म्हणून तो पंथातल्या दुसऱ्या साधूला शोधायला गेला. हा साधू गावात आजाऱ्यांची विचारपूस करत फिरत होता. दोघं साथीच्या घरात जाऊन आले असावेत, असा गावच्या तपासनिसांना संशय आला. त्यांनी दारं बंद करून दोघांना आत कोंडलं. पत्र वेरोनाच्या वेशीबाहेर पडलंच नाही. लॉरेन्सकडे ते परत पाठवायलासुद्धा माणूस मिळेना, सगळे संसर्गाला भ्यालेले.

हे नाटक साधारण 1595 च्या सुमाराचं. त्याआधी 1592 ते 1594 या काळात लंडनमधली नाटकघरं प्लेगमुळे बहुतेक वेळ बंद होती. समोर बसलेल्या प्रेक्षकांनी बंद दारं स्वतः पाहिली होती, त्यामुळे त्यांना हा प्रवेश समजावून सांगावा लागला नाही. आपल्याकडे 1896 साली प्लेग मुंबईत शिरला, मग दख्खनभर पसरला, आणि गावंच्या गावं रानात झोपड्या बांधून राहिली. ती आठवण आता घरातल्या कुणाला नसेल. पण एप्रिल 2020 मध्ये सोलापुरात करोनाचा पहिला रुग्ण सापडला आणि पेठांमधले रस्ते बांबू-पत्रे ठोकून बंद होऊ लागले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. जॉनची ती खोली आपल्याला आता परकी नाही.

म्हणून काहीजण म्हणतात, हे दैवच. साथ कुणाच्या हातात असते? साथ नसते, हे मान्य. पण जिच्यावर दोन जीव अवलंबून आहेत अशी चिठ्ठी एकाच माणसाकडे, एकाच वाटेनं, पोचपावतीची सोय न करता पाठवणं, हे माणसाच्या हातातलं आहे. आमच्या अक्कलकोटच्या वाचकांनी हेच लिहिलंय : "अशा पत्राच्या दोन प्रती करतात आणि दोन वाटांनी धाडतात." लॉरेन्सकडे दुसरी वाट होती. तिचं नाव बाल्थझार.

आता वेळेचा हिशेब पाहा, कारण त्यात या नाटकाचं खरं दुखणं आहे. शेक्सपिअरनं ही कथा आर्थर ब्रुकच्या 1562 सालच्या दीर्घकाव्यातून घेतली. तिथं गोष्ट काही महिने चालते आणि ज्युलिएट 16 वर्षांची आहे. शेक्सपिअरनं तिला 14 व्या वर्षाच्या उंबरठ्यावर आणली आणि सगळी कथा रविवारपासून गुरुवार रात्रीपर्यंत कोंबली. लॉरेन्सची योजना अशी : मंगळवारी ज्युलिएटनं घरी जाऊन बापानं ठरवलेल्या पॅरिसशी लग्नाला होकार द्यायचा, बुधवारी रात्री औषध घ्यायचं, गुरुवारी सकाळी लग्नाच्या दिवशी ती मृत सापडायची. औषधाचा अंमल 42 तास. ज्युलिएट सांगितल्याप्रमाणे घरी जाते, बापापुढे गुडघे टेकते, माफी मागते. कॅप्युलेटला इतका आनंद होतो की तो लग्न एक दिवस अलीकडे ओढतो. उद्याच, बुधवारी! बायको म्हणते, अहो, गुरुवारपर्यंत वेळ आहे, सामानाची तयारी तरी होऊ द्या. तो ऐकत नाही. स्वारी त्या रात्री झोपतही नाही, स्वयंपाकघरावर देखरेख करत बसते. आणि ज्युलिएटला त्याच रात्री औषध घ्यावं लागतं.

एक दिवस गेला. तो खाल्ला कुणी? ग्रहांनी नव्हे. लॉरेन्सनं शिकवलेल्या खोट्या होकारावर बापानं खरा आनंद केला, त्यात तो गेला. शेक्सपिअरच्या या एका रचनेवर मी फिदा आहे. इथं दुष्ट माणूस एकही नाही. प्रत्येकजण भलं करायला धावतो आणि त्या धावण्यात पोरांचे तास कमी होत जातात.

तिसरा प्रश्न, पत्र परत आल्यावर लॉरेन्सनं काय केलं. तो मांटुआला पुन्हा लिहायचं ठरवतो आणि पहार मागवून एकटा तळघराकडे निघतो. ज्युलिएट जागी व्हायला तीन तास आहेत. तो पोचतो तेव्हा रोमिओला आत जाऊन अर्धा तास झालेला असतो. इथपर्यंत मी त्याला माफ करतो. पुढे मात्र नाही. ज्युलिएट डोळे उघडते, शेजारी नवरा मेलेला, बाहेर पहारेकऱ्यांची चाहूल, आणि हा माणूस घाबरून तिला तिथंच टाकून निघून जातो. सगळ्या नाटकात दैवाचा ज्याच्याशी काहीही संबंध नाही असं कृत्य शोधायचं असेल, तर ते हे.

ब्रुकच्या काव्यात शेवटी निवाडा येतो. लग्न लपवलं म्हणून दाईला हद्दपार करतात आणि विष विकणाऱ्या गरीब औषधवाल्याला फाशी देतात. लॉरेन्स सुटतो आणि पाच वर्षं एकांतात काढतो. शेक्सपिअरनं हे सगळं गाळलं. काहींना माफी मिळेल आणि काहींना शिक्षा होईल, एवढंच त्याचा राजा सांगतो. नावं आपण भरायची आहेत.

टपालाचा माग लागलाच आहे, तर आणखी एक. ज्युलिएटचा मामेभाऊ टिबॉल्ट यानं रोमिओला द्वंद्वाचं आव्हान देणारी चिठ्ठी त्याच्या बापाच्या घरी धाडली होती. रोमिओ रात्रभर घरी नव्हता. पुढं तो त्या चिठ्ठीचं कुठंही नाव काढत नाही. ती त्यानं वाचली असती तर त्या दुपारी चौकात टिबॉल्टसमोर तो इतका बेसावध आला असता का?

हे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे सारखा आपल्याच जिल्ह्यातला 'सैराट' येत होता. जेऊरच्या नागराज मंजुळेंचा हा 2016 सालचा चित्रपट करमाळ्याच्या मातीत उभा आहे. शोकांतिका म्हणून तो वेरोनाच्या पंक्तीला बसतो, पण एका बाबतीत अगदी उलटा आहे. वेरोनात निरोप पोचत नाही म्हणून पोरं मरतात. 'सैराट'च्या नायिकेचा, आर्चीचा निरोप पोचतो. हैदराबादेत घर मांडल्यावर ती आईला फोन करते, लेकराचा आवाज ऐकवते. मग भाऊ आणि त्याची माणसं आईनं दिलेल्या भेटवस्तू घेऊन दारात येतात. ती त्यांना चहा करून देते. इथं साथ नाही, बंद दार नाही, हुकलेला अर्धा तास नाही. योगायोग काढून घेतला की दैवाला उभं राहायला जागाच उरत नाही, आणि दोष ज्याचा त्याच्या अंगावर येतो. म्हणून मला 'सैराट'चा शेवट शेक्सपिअरपेक्षा कठोर वाटतो, आणि मी हे विचार करून लिहितो आहे.

दाई पुढच्या आठवड्यात नक्की. तिनं पॅरिसची बाजू का घेतली, हा तिचा एकच गुन्हा घेऊन बसू. मंगेश पाडगावकरांनी या नाटकाचा मराठी अनुवाद केला आहे. मिळाला तर तिसऱ्या अंकाचा पाचवा प्रवेश वाचून ठेवा, आणि दाईच्या जागी तुम्ही असता तर ज्युलिएटला काय सांगितलं असतं, ते मला कळवा.