अपडेट शेजारच्या पीसीवरून
लेखमाला : जाळ्याच्या पोटात – लेखांक १२

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एखाद्या गेमिंग कॅफेचा हिशेब मांडून बघू. बारा पीसी, १०० एमबीपीएसचे फायबर कनेक्शन आणि पोरांच्या आवडत्या गेमचा नवा अपडेट ३० जीबीचा. लाइन अगदी पूर्ण वेगाने चालली तरी तो एका पीसीवर उतरायला ४० मिनिटे लागतात. बाराही पीसींनी आपापला ओढायचा म्हटले तर ८ तास. सकाळी दहाला शटर वर केले तर संध्याकाळचे सहा वाजेपर्यंत गिऱ्हाइकाला ‘थांब जरा’ म्हणत बसायचे. आणि या ८ तासांत मुंबईहून कोल्हापूरला आले काय? एकच फाइल, बारा वेळा.

मागच्या लेखांकात आपण सीडीएन पाहिले. कंपनीचे मूळ सर्व्हर कुठेही असोत, फायलींच्या प्रती मुंबईसारख्या शहरात आणून ठेवल्या की साता समुद्रांचा फेरा वाचतो. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या सेटिंगमध्ये डाउनलोडसाठी मुंबईचा पर्याय दिसतो तो त्यामुळेच. पण मुंबईपासून राजारामपुरीपर्यंतचा शेवटचा टप्पा उरतोच, आणि तिथे बारा जणांची रांग एकाच दारातून आत येते.

मग पहिल्या पीसीवर उतरलेली फाइल बाकीच्या अकरा जणांनी तिथूनच का घेऊ नये? कॅफेतल्या गिगाबिट लॅनवर ३० जीबी एका पीसीवरून दुसऱ्यावर जायला कागदावर ४ मिनिटे पुरतात. जुनी हार्ड डिस्क असेल तर जास्त लागतील, पण ८ तासांचे काम दोनेक तासांत आटोपते. यालाच पीअर-टू-पीअर म्हणतात, आणि टॉरेंट चालते ते याच पद्धतीने. आपल्याकडे टॉरेंट म्हटले की डोळ्यांसमोर चोरीचा सिनेमाच येतो. पण हीच पद्धत मोठमोठ्या गेम कंपन्यांनी उघडपणे, स्वतःच्या अपडेटसाठी वापरली आहे. ती कुठे चालली, कुठे अडली आणि तिच्यात ‘रीतसर’ कशाला म्हणायचे, हा आजचा विषय.

दीडशे केबीची यादी

ब्रॅम कोहेन या अमेरिकी प्रोग्रामरने २००१ मध्ये बिटटॉरेंट लिहिले. नेहमीच्या डाउनलोडमध्ये मागणारे वाढले की सर्व्हर मेटाकुटीला येतो. कोहेनने गणितच उलटे केले. घेणारा प्रत्येक जण घेता घेता देणाराही होतो, त्यामुळे मागणारे वाढले की पुरवणारेही वाढतात. गेमच्या अपडेटला ही रचना अगदी चपखल बसते, कारण इथे लाखो लोकांना नेमकी तीच फाइल, नेमकी त्याच दिवशी हवी असते.

पण अनोळखी माणसाच्या पीसीवरून आलेल्या फाइलवर विश्वास कसा ठेवायचा? आपला ३० जीबीचा अपडेट ४ एमबीच्या तुकड्यांत कापला तर ७,६८० तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर एक ठरावीक गणिती क्रिया करून त्याची २० बाइटची खूण काढतात. तिला हॅश म्हणतात. सगळ्या खुणांची यादी भरते १५० केबीची. कंपनीने ही दीडशे केबीची यादी तेवढी स्वतःच्या सर्व्हरवरून खात्रीने द्यायची. ३० जीबीचे तुकडे मग कुणाकडूनही आले तरी चालतात. आलेल्या तुकड्याची खूण आपला पीसी स्वतः काढतो आणि यादीशी ताडून बघतो. कुणी आत एक बिट जरी बदलला असेल तरी खूण जुळत नाही. तो तुकडा फेकून द्यायचा आणि दुसऱ्याकडे मागायचा. शेजाऱ्यावर विश्वास ठेवण्याची गरजच उरत नाही, यादीवर ठेवला की पुरे. ही २० बाइटची खूण एसएचए-१ नावाच्या पद्धतीने काढतात, पण तीही अभेद्य नाही. २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने वेगवेगळ्या मजकुराच्या दोन फायलींची एसएचए-१ खूण सारखीच काढून दाखवली. बिटटॉरेंटच्या दुसऱ्या आवृत्तीत म्हणूनच ३२ बाइटची, अधिक भक्कम खूण घेतली आहे.

तुकडे कोणत्या क्रमाने मागवायचे यालाही डोके लावलेले आहे. जो तुकडा सगळ्यांत कमी जणांकडे आहे, तो आधी. नाहीतर ७,६७९ तुकडे सगळ्यांकडे आणि उरलेला एक ज्याच्याकडे होता त्याने पीसी बंद केला, अशी गत व्हायची.

आणि द्यायचे कुणाला? इथे आपल्या शेतातला पैरा आठवतो. जो आपल्या भांगलणीला आला, त्याच्या रानात आपण जायचे. नुसतेच बोलावणाऱ्याला पुढच्या वेळी माणूस मिळत नाही. बिटटॉरेंट दर १० सेकंदांनी बघते की आपल्याला सर्वांत वेगाने कोण देत आहे, आणि मूळ रचनेत अशा मोजक्या चौघांना परत देते. पण ज्याच्याकडे अजून काहीच नाही तो नवखा पैरा फेडणार कशाने? म्हणून दर ३० सेकंदांनी एक जागा नशिबावर सोडलेली असते. कुणालाही सहज निवडायचे आणि काहीतरी देऊन बघायचे.

पहिली परवानगी : मालकाची

ही सगळी यंत्रणा कायद्याच्या चौकटीत कुठे बसते? ऑगस्ट २०१६ मध्ये बंद केलेल्या संकेतस्थळांवर एक धमकीवजा सूचना झळकू लागली. हे पान नुसते पाहिले तरी ३ वर्षांची कैद होऊ शकते, असा तिचा सूर होता, आणि देशभर घबराट उडाली. ‘ढिशूम’ चित्रपटाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. गौतम पटेल यांनी त्या महिन्यात हा गोंधळ निस्तरला. नुसते पाहणे हा गुन्हा नाही; परवानगीविना हानिकारक वितरण करणे, जाहीर प्रदर्शन करणे, विक्रीला किंवा भाड्याने देणे हा गुन्हा आहे, असे त्यांनी स्पष्ट केले आणि सूचनेचा मजकूर बदलायला लावला. त्याआधी जुलैत त्यांनी, अख्ख्या संकेतस्थळावर बंदी हवी असेल तर तिथला सगळा माल बेकायदा असल्याचे आधी दाखवा, असेही बजावले होते.

टॉरेंट वापरणाऱ्याने यातला ‘वितरण’ हा शब्द नीट वाचावा. टॉरेंटमध्ये नुसता घेणारा कुणी नसतो, घेता घेता आपण वाटतही असतो. चोरीच्या गेममध्ये खरी जोखीम तिथेच आहे. उलट गेमच्या कंपनीनेच आपल्या लाँचरमधून ही वाटणी चालवली, तर ते वितरण मालकाच्या परवानगीने झाले. ‘०ए.डी.’ हा मुक्त स्रोत गेम किंवा उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली यांच्या अधिकृत पानांवर टॉरेंटचे दुवे उजळ माथ्याने दिलेले असतात. पद्धत तीच, फरक मालकाच्या होकाराचा.

दुसरी परवानगी : वाटणाऱ्याची

पण एवढ्याने काम भागत नाही, हे गेम कंपन्यांना अनुभवाने कळले. ब्लिझार्डचा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ नोव्हेंबर २००४ मध्ये आला आणि २०१० पर्यंत त्याचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर गेले. एवढ्या लोकांना एका दिवसात अपडेट पोचवायचा तर सर्व्हरचे बिल डोळे पांढरे करणारे. ब्लिझार्डने आपल्या डाउनलोडरमध्येच बिटटॉरेंट बसवले. खेळाडू अपडेट घेत आणि त्याच वेळी एकमेकांना देतही. ‘वर्ल्ड ऑफ टँक्स’च्या वॉरगेमिंगनेही आपल्या लाँचरमध्ये टॉरेंटचा पर्याय ठेवला.

तक्रारी लगेच आल्या. त्या काळचे एडीएसएल कनेक्शन एकांगी असे. खाली यायचा रस्ता रुंद, वर जायची पायवाट. ती पायवाट अपलोडने भरली की ‘पाकीट पोचले’ ही पोच परत जाण्यातही अडथळा येतो, आणि डाउनलोडही रखडते. पुढे बिटटॉरेंटमध्ये यूटीपी नावाची रीत आली. लाइनवर विलंब वाढतोय असे दिसले की ती स्वतःहून मागे सरते. पण वेगापेक्षा खर्चाचा प्रश्न मोठा होता. आपल्याकडे तेव्हा महिन्याला मोजके जीबी मिळत, आणि बीएसएनएलच्या ‘नाइट अनलिमिटेड’ प्लॅनवाले रात्री २ ते सकाळी ८ एवढ्याच वेळात मोठी डाउनलोड उरकून घेत. अशा लाइनवर कंपनीने सर्व्हरचे पैसे वाचवायचे आणि गिऱ्हाइकाने आपला डेटा जाळायचा, हा कुठला न्याय?

ब्लिझार्डने निदान पीअर-टू-पीअर बंद करायचा पर्याय डाउनलोडरमध्ये दिला होता. ‘लीग ऑफ लेजंड्स’च्या सुरुवातीच्या काळात वापरलेला पँडो मीडिया बूस्टर मात्र वेगळ्या वळणाचा निघाला. गेम उतरवून झाला तरी तो मागे चालूच राही आणि अपलोड करत राही. तो आपल्या पीसीत आहे हेच अनेकांना ठाऊक नसे. ऑगस्ट २०१३ मध्ये पँडोचा कारभार बंद पडला. प्रोग्राम मात्र लोकांच्या पीसीत तसाच पडून होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याची अपडेट यंत्रणा भलत्यांच्या हाती गेली आणि तिच्यामार्फत ब्राउझरचा ताबा घेणारे सॉफ्टवेअर लोकांच्या पीसीत शिरले. मालकाची परवानगी होती, घरमालकाला मात्र कुणी विचारले नव्हते.

मायक्रोसॉफ्टलाही हाच धडा मिळाला. जुलै २०१५ मध्ये विंडोज १० आली तेव्हा घरगुती पीसी आपल्याकडचे अपडेट इंटरनेटवरच्या अनोळखी पीसींनाही आपोआप देत असत. गवगवा झाला, आणि ‘फक्त माझ्या स्थानिक नेटवर्कवरचे पीसी’ हा पर्याय लोकांनी शोधून काढला. स्टीमने फेब्रुवारी २०२३ मध्ये लॅनवरून गेम हलवण्याची सोय आणली ती शहाणपणाने. सोय एकाच जागेतल्या पीसींपुरती, आणि कुणाला द्यायचे हे देणाऱ्याने ठरवायचे : कुणालाच नाही, फक्त माझे दुसरे पीसी, मित्र किंवा या नेटवर्कवरचा कुणीही.

दरम्यान सीडीएनचे दर उतरले, आणि कंपन्यांना खेळाडूंच्या लाइनची गरज पूर्वीसारखी उरली नाही. ब्लिझार्डही सरळ डाउनलोडकडे वळले. शिवाय आज मोबाइल डेटावर एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असंख्य फोन असतात. तिथे बाहेरच्या पीअरला आपल्याशी थेट जोडणी सुरू करता येत नाही. इंटरनेटभर पसरलेली पीअर-टू-पीअर मागे पडली. एका छपराखालची मात्र टिकली.

फोनवरून फोनवर

आपल्याकडची बहुतेक पोरे पीसीवर नाही, फोनवर खेळतात. जिओ सप्टेंबर २०१६ मध्ये येण्याआधी डेटा महाग होता. एकाने गेम उतरवायचा आणि कट्ट्यावर बसून बाकीच्यांना शेअरइट किंवा झेंडरने पाठवायचा, हा रिवाजच होता. हीसुद्धा पीअर-टू-पीअरच, फक्त खुणांची यादी नसलेली. मित्राकडून आलेली एपीके मूळची की कुणी आत काही घुसवलेली, हे बघायची सोय नव्हती. जून २०१८ मध्ये गूगलने यावर उपाय काढला. प्ले स्टोअरमधल्या ॲपच्या फाइलमध्येच सुरक्षेची खूण घातली, म्हणजे ती मित्राकडून, नेट नसताना आली तरी अस्सल आहे हे फोनला ताडता येते आणि पुढचे अपडेट प्ले स्टोअरकडून मिळू शकतात. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली, त्यांत शेअरइट आणि झेंडर दोन्ही होते. पुढे प्ले स्टोअरमध्येच जवळच्या फोनला ॲप पाठवायची सोय आली.

आज करून बघा

घरात किंवा कॅफेत एकाहून जास्त पीसी असतील तर विंडोज अपडेटच्या प्रगत पर्यायांत ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ उघडा आणि वाटणी स्थानिक नेटवर्कपुरती ठेवा. मोबाइल हॉटस्पॉटवर पीसी चालवत असाल तर ते कनेक्शन ‘मीटर्ड’ म्हणून नोंदवा. रोजच्या दीड-दोन जीबीत वर गेलेला डेटाही मोजला जातो. स्टीममध्ये डाउनलोडच्या सेटिंगमध्ये लॅनवरच्या देवाणघेवाणीचा पर्याय आहे. दोन्ही पीसी चालू आणि स्टीमवर लॉगिन असले की दुसरा पीसी आधी पहिल्याकडे विचारतो, न मिळालेले तेवढे बाहेरून आणतो. आणि एखाद्या गेमने सोबत स्वतःचा वेगळा डाउनलोडर बसवला असेल, तर गेम काढून टाकताना तोही काढला का, हे बघायला विसरू नका.

कुठलीही वाटणी रीतसर ठरवताना दोन प्रश्न विचारावेत. वस्तू ज्याची आहे तो हो म्हणाला का? आणि ज्याच्या लाइनवरून ती जाणार आहे, त्याला कुणी विचारले का? पहिल्या प्रश्नासाठी कायदा आणि न्यायालये आहेत. दुसऱ्याचे उत्तर बहुतेक वेळा सेटिंगच्या तिसऱ्या-चौथ्या पानावरच्या एका बटणात दडलेले असते, आणि ते बटण तुमच्या हातात आहे.

पुढच्या लेखांकात : ३० जीबीचा गेम थोडासाच बदलला तर अपडेटही छोटा का येत नाही? डेल्टा पॅचची गोष्ट.