धातू भेटला की उजळणारे रेणू

इंदूरकरांनो, आपल्या सिमरोलच्या आयआयटीत माझ्या अत्यंत लाडक्या विषयावर काम चालतं: धातूचा आयन भेटला की चमकणारे रेणू, म्हणजे फ्लुरोसंट सेन्सर. तिथल्या रसायनशास्त्र विभागातल्या डॉ. सुमन मुखोपाध्याय आणि डॉ. शेख मोबीन यांच्या गटांचे शोधनिबंध जरूर चाळा.

कल्पना जुनी आहे. १८६७ मध्येच मोरिन वापरून ॲल्युमिनियम ओळखलं गेलं होतं. मोरिन हे फणसाच्या लाकडातही असणारं पिवळं द्रव्य. एकटं असताना जेमतेम चमकतं. तुरटीच्या पाण्यात त्याचे दोन थेंब टाकून अतिनील दिवा धरा, हिरवंगार झळकतं, कारण तुरटीत ॲल्युमिनियम असतं.

असं का होतं? मोकळ्या रेणूने शोषलेली ऊर्जा त्याच्या हलण्या-वळण्यात उष्णता होऊन जिरते. धातू त्याच्या चिमट्यात बसला की रेणू ताठ होतो आणि ती ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. तांबं मात्र बहुतेकदा उलट करतं, चमक विझवतं.

१९८५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॉजर त्सिएन यांच्या गटाचा फ्युरा-२ हा कॅल्शियमचा सेन्सर आला आणि जिवंत पेशीतल्या कॅल्शियमचे चढउतार अधिक नेमकेपणे मोजता येऊ लागले. केवढी मोठी झेप ही!

पिण्याच्या पाण्यात काम अवघड. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम, पाऱ्याची ०.००१. तेही कॅल्शियम-सोडियमच्या गर्दीतून शोधायचं. म्हणून नवा सेन्सर दिसला की चकचकीत फोटो नंतर. तो इतर धातूंना फसतो का आणि साध्या पाण्यात चालतो की फक्त मिथेनॉलमध्ये, हे मी आधी बघतो.