हात हलता ठेवा

आपल्या सुर्ल्यासारख्या गावी एखाद्या माउलीच्या स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली, की घरची मंडळी तिला घागर उचलू देत नाहीत, हातही हलवू देत नाहीत. ही माया खरी. परंतु तिच्यामागील समजूत तपासून पाहावयास हवी.

या शस्त्रक्रियेत पुष्कळदा काखेतील लसिका-ग्रंथी काढाव्या लागतात. त्यामुळे हातातील द्रवाचा निचरा मंदावतो आणि हात सुजण्याचे भय राहते. श्रमाने ही सूज वाढेल, असे पूर्वी डॉक्टरही सांगत. १९९६ साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी या समजुतीची परीक्षा घेतली. उपचार झालेल्या २४ स्त्रियांकडून प्रथम व्यायाम करवून घेऊन त्यांनी त्यांना 'ड्रॅगन बोट' नावाच्या लांब चिनी होडीत वल्ही मारावयास बसविले. हंगाम संपला, पण एकीच्याही हाताला नवी सूज आली नाही. स्नायू हलले की साचू पाहणारा द्रव पुढे सरकतो. प्रयोग संपला, तरी त्या स्त्रियांनी वल्ही खाली ठेवली नाहीत. आज अनेक देशांत असे संघ आहेत.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातही या रुग्णांसाठी योगासनांचा अभ्यास झाला आहे. व्यायाम औषधाची जागा घेत नाही. परंतु उपचार चालू असता तो थकवा हलका करतो व मनास उभारी देतो. मात्र डॉक्टरांना विचारूनच, थोडक्यापासून प्रारंभ करावा.

घरी असा प्रसंग आलाच, तर आईची घागर तुम्ही अवश्य उचला. पण संध्याकाळी तिला सोबत घेऊन देवळापर्यंत चालतही जा.