आरोपीच्या घरी काय उरते?

५-६ एप्रिल २००६च्या मध्यरात्री नांदेडच्या पाटबंधारेनगरातील एका घरात स्फोट होऊन दोन तरुण ठार झाले. तिथे बॉम्ब बनवला जात होता, असा एटीएस आणि पुढे सीबीआयचा आरोप. जानेवारी २०२५मध्ये नांदेडच्या सत्र न्यायालयाने हयात आरोपींना निर्दोष सोडले.

मृत आरोपीवर मात्र खटला चालत नाही, मृत्यूबरोबर तो संपतो. म्हणजे ज्यांची मुले गेली, त्यांच्या हाती ना दोषाचा शिक्का, ना निर्दोषत्वाचा कागद. शेजारपाजारी आपापला निकाल केव्हाच देऊन मोकळे होतात. न्यायालयाला इथे जवळपास १९ वर्षे लागली.

कल्याणच्या एका वडिलांपुढचा पेच निराळा. मे २०१४मध्ये तिथले चार तरुण इराकला गेले आणि आयसिसकडे वळल्याचे उघड झाले. त्यांतल्या एकाच्या वडिलांनी स्वतःहून यंत्रणांशी संपर्क साधला. नोव्हेंबरमध्ये मुलगा परतला, तो थेट एनआयएच्या कोठडीत. पोराला जिवंत परत आणायचे तर तुरुंगाच्या वाटेनेच, हे कळूनही त्यांनी पाऊल उचलले. माझ्या मते, अशा बापाला संशयित नव्हे, तपासातला साक्षीदार मानायला हवे. मार्च २०२०मध्ये मुलाला जामीन मिळाला. फेब्रुवारी २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.