गंजाखालची अक्षरे

जुनी मोटार पुन्हा उभी करायची ठरली की सगळ्यांचे लक्ष रंगाकडे आणि क्रोमकडे लागते. गाडी सुटी केली जाते, पार्ट गोणीत भरून सँडब्लास्टिंगला जातात आणि लखलखीत होऊन परत येतात. मालक खूश होतो. पण त्यांतल्या कित्येक पार्टवर कारखान्याचे नाव, क्रमांक, तारीख असा मजकूर होता, तो आता पुसट झालेला किंवा पार गेलेला असतो. साठ-सत्तर वर्षांत गाडीचे मालक बदललेले असतात, कागद गहाळ झालेले असतात, माहीतगार माणसे हयात नसतात. गाडी मुळात कशी होती हे सांगायला लोखंडावरचा मजकूरच उरतो. तो वाचता येणे हा रिस्टोरेशनचा पाया आहे, असे माझे ठाम मत आहे.

खुणा मुख्यतः दोन तऱ्हांनी उमटतात. ओतीव भागावरची अक्षरे उठावाची असतात, कारण ती साच्यातूनच येतात. ठोकून काढलेली अक्षरे खोल असतात. भाग तयार झाल्यावर पंच आणि हातोड्याने ती घातलेली असतात. हा फरक नीट लक्षात ठेवावा. ओतीव क्रमांक साच्याची ओळख सांगतो आणि एकाच साच्यातून निघालेले भाग पुढे वेगवेगळ्या गाड्यांसाठी वेगवेगळे छिद्र-कापकाम करून वापरले जात. त्यामुळे ओतीव क्रमांक घेऊन पार्ट्सच्या कॅटलॉगात शोधायला बसलेला माणूस बहुधा रिकाम्या हाताने उठतो. कॅटलॉगातला पार्ट नंबर निराळा असतो.

ओतकामाची तारीख मात्र मोठी उपयोगी. शेवरोलेच्या इंजिन ब्लॉकवर पहिले अक्षर महिन्याचे असते: ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर. त्यापुढे दिवस आणि मग सालाचा शेवटचा आकडा. ‘सी १४ ५’ म्हणजे १४ मार्च, साल पाचाने संपणारे. ते १९५५ की १९६५, हे ब्लॉकची रचना पाहून ठरवावे लागते. तारखेची छोटी पट्टी साच्याला स्क्रूने बसवलेली असली तर त्या स्क्रूच्या डोक्यातली खाचसुद्धा ओतीव लोखंडावर उमटलेली सापडते.

नवशिक्याला सर्वांत जास्त चकवते ती पुरवठादाराची खूण. गाडी फोर्डची म्हणून प्रत्येक भागावर फोर्डचेच नाव असेल, ही समजूत चुकीची आहे. जॉन आणि होरेस या डॉज बंधूंनी १९०३ पासून फोर्डला इंजिने, गिअरबॉक्स, ॲक्सल पुरवले आणि १९१४ मध्ये स्वतःची गाडी काढली. म्हणून सुरुवातीच्या मॉडेल टीच्या घडीव भागांवर ‘डीबी’ ही अक्षरे आढळतात. ती पाहून ‘दुसऱ्या गाडीचा माल’ म्हणून भाग भंगारात टाकला, तर गाडीतला सर्वांत अस्सल तुकडाच हातचा जातो.

मॉडेल ए या पुढच्या गाडीच्या बाबतीत आपल्याकडे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. तिचा इंजिन क्रमांक ब्लॉकच्या डाव्या अंगाला ठोकलेला असतो, सुरुवातीला आणि शेवटी एकेक तारा. अमेरिकी क्रमांक ‘ए’ने सुरू होतो, कॅनडाचा ‘सीए’ने. ब्रिटिश साम्राज्यातल्या बहुतेक देशांना फोर्ड गाड्या कॅनडातून जात. भारतातली फोर्ड कंपनीही कॅनडाच्या कंपनीच्याच अखत्यारीत होती. तेव्हा मुंबईत सापडलेल्या मॉडेल एवर ‘सीए’ दिसले तर तिचा वंश सरळ आहे असे समजावे. परदेशी पुस्तकातला अमेरिकी नमुना समोर ठेवून ते इंजिन ‘चुकीचे’ ठरवणारे तज्ज्ञ भेटतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे.

या सगळ्यात खुणांचे सर्वांत श्रीमंत दालन म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जीप. आराखडा विलीसचा, विलीसची ती एमबी आणि त्याच आराखड्यावर फोर्डने बांधलेली ती जीपीडब्ल्यू. दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या आणि अट अशी की एकीचा भाग दुसरीला बसलाच पाहिजे. फोर्डने मात्र आपल्या भागांवर आपल्या नावातला वळणदार ‘एफ’ उमटवला: पेडलवर, ब्रॅकेटवर, पाट्याच्या शॅकलवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा. पुष्कळ भागांवर ‘जीपीडब्ल्यू’ आणि त्यापुढे आकडा असतो. त्या आकड्याच्या हजारावरून भाग कुठला ते कळते: दोन हजारांच्या घरातला ब्रेकचा, तीन हजारांचा पुढच्या ॲक्सलचा, सहा हजारांचा इंजिनाचा, सात हजारांचा गिअरबॉक्सचा. हा पाढा एकदा पाठ झाला की अनोळखी ब्रॅकेट हातात आले तरी ते कुठे बसते याचा निम्मा अंदाज लागतो.

चासी कोणाची हे ओळखायला पुढच्या आडव्या दांड्याकडे पाहावे. विलीसचा दांडा गोल नळीचा, फोर्डचा उलट्या यू आकाराचा. विलीसचा क्रमांक डाव्या पट्टीच्या आतल्या बाजूला रिव्हेटने बसवलेल्या छोट्या पत्र्यावर असतो. फोर्डचा डाव्या पट्टीच्या वरच्या अंगावर थेट ठोकलेला. त्या जागी ऑईल, चिखल आणि रंगाचे थरावर थर बसून इतके जाड कवच झालेले असते की खाली काही लिहिले असेल असे वाटतच नाही. इथे तारेचा ब्रश आणि ग्राइंडर दोन्ही दूर ठेवावे. रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी रात्रभर गुंडाळून ठेवावी. सकाळी बांबूच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीने थर उचलावा, रंग काढायचा तर रिमूव्हर वापरावा. मग खोली अंधारी करून टॉर्च अगदी बाजूने, धातूला समांतर धरावा. समोरून पडलेल्या उजेडात जिथे नुसता खडबडीतपणा दिसत होता, तिथे सावलीमुळे आधी एखादा तारा, मग एखादा आकडा उभा राहतो. त्यावर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल फिरवावी. गाडी दुसऱ्याच्या नावावर करताना चासीचा पेन्सिल प्रिंट काढतात, तीच ही रीत. ती प्रत्येक महत्त्वाच्या भागासाठी वापरावी आणि प्रिंट वहीत चिकटवून ठेवावा.

युद्धकाळात लष्करी वर्कशॉपांत हाताला येईल तो भाग बसवून जीप पुन्हा रस्त्यावर आणत. युद्धानंतर आपल्याकडे डिस्पोजलमध्ये विकल्या गेलेल्या जीपांचीही पुढे हीच गत झाली. म्हणून फोर्डच्या चासीवर विलीसचे इंजिन सापडले तर घाईने ते काढू नये. आता नवे ‘एफ’ छापाचे बोल्टही विकत मिळतात. कालपरवा बनलेले शंभर बोल्ट लावून ‘शुद्ध’ केलेल्या जीपपेक्षा जुन्या दुरुस्त्यांच्या खुणा अंगावर बाळगणारी मिश्र जीप मला जास्त खरी वाटते. मात्र बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा दिसला तर तो मेट्रिक बोल्ट नंतरचा आहे, तो बदलायला हरकत नाही.

इंग्रजी गाड्यांत विजेचे सामान वाचावे. बर्मिंगहॅमच्या ल्युकसच्या डायनमो, सेल्फ, कटआऊट यांवर मॉडेलचे नाव, क्रमांक आणि बनवल्याची तारीख ठोकलेली असते. डायनमोची तारीख गाडीच्या जन्माच्या थोडी आधीची असली तर तो बहुधा मूळचा. गाडीनंतरची असली तर बदललेला. एसयू कार्ब्युरेटरचा तपशील ‘एयूडी’ने सुरू होणाऱ्या क्रमांकात असतो, आणि तो क्रमांक फ्लोट चेंबरच्या स्क्रूखाली अडकवलेल्या चिमुकल्या बिल्ल्यावर असतो. कार्ब्युरेटर खोलताना तो बिल्ला सर्वांत आधी हरवतो. स्मिथ्सच्या स्पिडोमीटरच्या तबकडीवर १२८० सारखा आकडा बारीक अक्षरांत असतो. एका मैलाला केबलचे किती फेरे व्हायला हवेत, ते तो सांगतो. तो आकडा न पाहता दुसरा मीटर बसवला तर काटा वेग चुकीचा दाखवणार. ट्रिप्लेक्स काचेच्या कोपऱ्यातल्या नाममुद्रेत अक्षरांच्या वर-खाली ठिपके असतात, त्यांतून साल आणि तिमाही निघते.

बॉशची खूण मात्र इतिहास माहीत असल्याशिवाय वाचता येत नाही. श्टुटगार्टच्या या कंपनीचा अमेरिकेतला कारभार पहिल्या महायुद्धात शत्रूची मालमत्ता म्हणून जप्त होऊन विकला गेला आणि अमेरिकन बॉश ही स्वतंत्र कंपनी उभी राहिली. त्यामुळे १९२०च्या दशकातल्या मॅग्नेटोवर बॉश हे नाव असले तरी तो जर्मन असेलच असे नाही. वर्तुळातल्या आर्मेचरचे चिन्ह गॉटलोब होनोल्ड यांनी १९१८ मध्ये आखले; ते चिन्ह असलेला भाग त्याआधीच्या गाडीचा मूळ भाग असू शकत नाही.

मुंबईत जोडल्या गेलेल्या गाड्यांचे स्वतंत्र दप्तर कोणीतरी मांडायला हवे. जनरल मोटर्सने शिवडीला १९२८ मध्ये जोडणी सुरू केली, वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने कुर्ल्याला डॉज, प्लिमथ आणि पुढे फियाट बनवल्या, महिंद्रांनी विलीस जीप जोडल्या. परदेशी भागांची जागा हळूहळू देशी भागांनी घेतली. बंगळूरची मायको १९५१ ची, चेन्नईची ल्युकस-टीव्हीएस १९६१ ची. कुर्ल्याच्या फियाटवर मायकोचा प्लग आणि ल्युकस-टीव्हीएसचा डायनमो असणे हे तिचे अस्सलपण आहे. तिथे इटलीहून भाग मागवून बसवणे म्हणजे तिची जन्मकथा पुसणे.

एखादा ठोकलेला क्रमांक घासून गेला असेल तरी आशा सोडू नये. पंचाच्या घावाने अक्षराखालचा धातूही दबलेला असतो आणि विशिष्ट आम्लद्रावणाने तो भाग वेगळा उमटतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळा हेच करतात. उठावाच्या अक्षरांना हा उपाय लागू पडत नाही, ती गेली की गेली. चासी आणि इंजिनाच्या क्रमांकावर मात्र स्वतःच्या हाताने पंच चालवू नये, कितीही पुसट असला तरी. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाला ‘व्हीए’ मालिकेतली विंटेज नोंदणी मिळते, आणि त्यासाठी चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा लागतो.

ज्यांच्या घरी, गोठ्यात किंवा गॅरेजमागे एखादी जुनी गाडी उभी आहे, त्यांना एवढीच विनंती: ती ब्लास्टिंगला किंवा प्लेटिंगवाल्याच्या बफवर देण्याआधी प्रत्येक भागाचे जवळून फोटो काढा, पेन्सिलचे प्रिंट घ्या, भागांना चिठ्ठ्या बांधा. कामगाराला अक्षरे दाखवून त्यावर टेप लावून घ्या. आणि ती वही गाडीच्या कागदांबरोबर पुढच्या मालकाला द्या.